ज्याची चूल, त्याचं काम

एकदा एका कोरड्या खोऱ्यात असं घडलं, की तीन वर्षं कुणी उपाशी मेलं नाही आणि तीन वर्षं कुणी नदीतला एक दगडही उचलला नाही. पहिल्या गोष्टीचं श्रेय एका शिष्याला मिळत होतं. दुसऱ्या गोष्टीतला काही वाटाही त्याच्याच पदरात पडायचा होता, पण ते त्याला अजून ठाऊक नव्हतं.

खोऱ्यात पाच गावं होती. पाचांच्या वरच्या अंगाला, नदीच्या आडवा, पूर्वजांनी रचलेला एक दगडी बंधारा होता. त्याचं पाणी पाटानं खाली येई आणि पाचही शिवारं भिजवी. पावसाळा सरला, की बंधाऱ्याची डागडुजी आणि पाटाची सफाई करावी लागे, आणि ती इर्जिकीनं होई. इर्जिक म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना आता सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण सांगतो. ज्याचं काम अडलं असेल त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाक द्यायची आणि पोटभर जेवू घालायचं. जेवणाऱ्यांनी मजुरीचं नाव न काढता त्याचं काम तडीस न्यायचं. बंधाऱ्याच्या इर्जिकीची पाळी गावागावातून फिरे. ज्या गावाची पाळी ते गाव चुली पेटवी आणि बाकीच्या चार गावांना बोलावी. 'ज्याची चूल, त्याचं काम' एवढाच त्या खोऱ्याचा कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे कुणी मोडतही नव्हतं.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. तिसऱ्या वर्षी महापूर आला आणि बंधारा मधोमध फुटला. धान्याच्या कणग्या खरवडून झाल्या. ज्या गावाची पाळी होती, त्याच्याकडे चार गावांना जेवू घालण्याइतकं काही उरलं नव्हतं, म्हणून त्या वर्षी कुणी कुणाला हाक दिली नाही.

खोऱ्याच्या तोंडाशी एक वृद्ध आचार्य आश्रम करून राहत. त्यांनी आपल्या शिष्याला बंदरावर पाठवलं. तिथे सातासमुद्रापलीकडच्या एका श्रीमंत देशाचा व्यापारी उतरला होता. शिष्यानं खोऱ्याची दशा त्याला सांगितली आणि त्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खरोखर भला माणूस होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्टीत श्रीमंत माणूस दिसला की ऐकणारे त्याच्यावर दात धरून बसतात. त्यानं आठवड्याच्या आत धान्य लादलेले बैल, तांब्याचे हंडे आणि स्वयंपाकी पाठवले. नदीकाठी अन्नछत्र सुरू झालं. दोन्ही वेळा गरम खिचडी. मरणाच्या दारातून माणसं परत आली.

अन्नछत्राची व्यवस्था शिष्याकडे होती. तिशी ओलांडलेला, कामसू, स्वच्छ हाताचा माणूस होता तो. त्याच्या पंगतीत कुणावर अन्याय झाला नाही, की शिताचाही अपव्यय झाला नाही. पण रोज पंगतीत वाढताना त्याला समोर तो फुटका बंधारा दिसे आणि त्याचा जीव जळे. पोटात अन्न आहे, अंगात बळ आलं आहे, दगड तिथेच पडले आहेत. मग ही माणसं उठत का नाहीत? तो गावोगाव फिरला. समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, हात जोडून पाहिले. माणसं मान खाली घालून ऐकत आणि दुसऱ्या दिवशी पंगतीला येऊन गुपचूप जेवून जात. आचार्यांनीही दर पौर्णिमेला श्रमाच्या महतीवर प्रवचन केलं. त्यालाही सगळे आले, जेवले आणि घरी गेले.

"फुकटचं मिळालं की माणसाची हाडं जड होतात," असं शिष्य शेवटी म्हणू लागला. हा निष्कर्ष काढायला फार विद्वत्ता लागत नाही. वाढणाऱ्याला तो आपोआप सुचतो.

तिसऱ्या वर्षी कार्तिकात निरोप आला, की व्यापारी या खेपेला स्वतः येतो आहे. बरोबर साठ बैलांचं धान्य आणि चाळीस माणसं. शिष्यानं कोठारात जाऊन पाहिलं. जेमतेम आठ दिवसांचं धान्य शिल्लक होतं. म्हणजे व्यापारी प्रसन्न होऊन गेला तर खोरं आणखी एक वर्ष जगणार होतं, आणि काही कारणानं त्याचं मन मोडलं तर नवव्या दिवशी पाच गावांच्या तोंडचा घास जाणार होता. शिष्यानं स्वागतात कसूर ठेवली नाही. आंब्याची तोरणं बांधली, मानपत्र लिहिलं, पोरीबाळींकडून आरती बसवून घेतली.

व्यापारी यायच्या दिवशी सकाळी हंड्याखाली जाळ नुकता धरला होता, तेवढ्यात आचार्य काठी टेकत अन्नछत्रात आले. त्यांनी कोपऱ्यातली घागर उचलली आणि पेटत्या चुलीवर उपडी केली. मग दुसरी, मग तिसरी. धुरानं डोळे चोळत स्वयंपाकी बाहेर पळाले.

"गुरुजी, हे काय केलंत?" शिष्य धावत आला. "दुपारपर्यंत ते इथे पोचतील. लोक जेवतील काय?"

"ते गावांना विचार," आचार्य म्हणाले. "मी काल सांगून आलो आहे. आज व्यापाऱ्याला आणि त्याच्या चाळीस माणसांना पाच गावं जेवू घालणार आहेत."

"कशानं?"

आचार्यांनी खोऱ्याकडे बोट दाखवलं. घागर जागेवर ठेवून ते बाहेर येऊन बसले.

शिष्यानं खोऱ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत प्रथमच घराघरांच्या छपरांतून धूर वर चढत होता. अन्नछत्र सुरू झाल्यापासून कुणाच्या घरची चूल पेटलीच नव्हती. पेटवायचं कारणच नव्हतं. तो धावत पहिल्या गावात गेला. उतरंडीची गाडगी खाली उतरली होती, आणि अगदी तळच्या मडक्यांतून बायका कायकाय काढत होत्या. कुणाकडे ओंजळभर बाजरी, कुणाकडे कुळीथ, कुणाकडे तीन वर्षं जपलेली मिरची. म्हाताऱ्या बाया माळावरून तांदुळजाची भाजी खुडून आणत होत्या. एवढ्या दुष्काळातही त्या मडक्यांना कुणी हात लावला नव्हता, कारण आल्यागेल्यासाठी काही ठेवल्याशिवाय ते घर म्हणवत नाही, असं तिथल्या बायांचं मत होतं. शिष्याला ते पाहून भरून यायला हवं होतं. त्याला आला तो संताप. गरिबांच्या तोंडचं काढून तृप्त माणसाला वाढायचं, ही कसली आचार्यांची बुद्धी?

दुपारी व्यापारी आला. तोरणाखालून आत येताच त्यानं हंड्यांकडे पाहिलं. ते गार होते. मानपत्र वाचायला शिष्य पुढे झाला, पण आचार्यांनी त्याला हातानंच थांबवलं. त्यांनी व्यापाऱ्याला घोंगडीवर बसवलं. पहिल्या गावची ठकूबाई परात घेऊन पुढे आली. हिचा नवरा हयातीत पाटकरी होता, म्हणजे कुणाच्या शेतात किती घटका पाणी जायचं ते ठरवणारा माणूस; तो गेल्यावर पाचही गावं तिचा शब्द मानत. तिनं व्यापाऱ्याच्या पानात बाजरीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं.

व्यापाऱ्यानं पानाकडे पाहिलं, मग भोवतालच्या माणसांच्या ठिगळांच्या कपड्यांकडे. त्यानं हात मागे घेतला.

"क्षमा करा, पण मला हे जेवता येणार नाही," तो म्हणाला. "मी इथे द्यायला आलो आहे. या लोकांच्या तोंडचा घास मी घेतला, तर देव मला क्षमा करणार नाही."

"मग शेठजी, आपले बैल आल्या वाटेनं परत न्या," आचार्य शांतपणे म्हणाले. "जो आमच्या घरी जेवत नाही, त्याचं धान्य आम्हाला यापुढे घेता येणार नाही."

शिष्यानं बाहेर पाहिलं. साठ बैल पाठीवरची पोती घेऊन उभे होते. व्यापाऱ्याचा मुनीम पुटपुटला, की एवढा उद्धटपणा आपण कुठल्या देशात पाहिला नाही. व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला होता. शिष्य त्याच्यासमोर हात जोडून गुडघ्यांवर बसला. "आपण रागावू नका," तो म्हणाला. "गुरुजींचं वय झालं आहे. ही माणसं आपल्याच अन्नावर जगली आहेत. त्यांच्याकडे पाहा."

व्यापारी घोंगडीवरून उठला नाही. ठकूबाईला या थोरामोठ्यांच्या बोलण्याचा कंटाळा आला असावा. तिनं भाकरीवर तेलाची धार सोडली.

"शेठ, आधी खाऊन घ्या," ती म्हणाली. "गार भाकर चांगली लागत न्हाई. भांडण मागनं करता यील."

कुणीतरी फिसकन हसलं. व्यापाऱ्यानं तिच्याकडे वर पाहिलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. पहिला घास त्यानं बळेच गिळला. दुसरा चावून खाल्ला. मग त्याची माणसंही बसली. पाच गावांनी त्यांना आग्रह करकरून वाढलं, आणि आग्रह करताना त्या रापलेल्या चेहऱ्यांवर असं काही तेज आलं, जे शिष्यानं तीन वर्षांच्या पंगतींत एकदाही पाहिलं नव्हतं. वाढणारे ताठ उभे होते. ज्यांना तो आळशी म्हणत होता, ती ही माणसं.

व्यापाऱ्यानं हात धुतले तशी ठकूबाई म्हणाली, "चला मग."

"कुठे?"

"बंधाऱ्यावर. जेवलात न्हवं?"

शिष्यानं मागे वळून पाहिलं. पाचही गावं उभी होती. कुणाच्या खांद्यावर पहार, कुणाच्या हातात कुदळ, बायकांच्या डोक्यावर पाट्या. त्याला ही अवजारं घराघरातून कधी निघाली तेही कळलं नव्हतं. माणसं नदीकडे चालू लागली. कुणी प्रवचन केलं नाही, कुणी हात जोडले नाहीत. व्यापाऱ्यानं अंगरखा काढून मुनिमाकडे दिला आणि एका म्हाताऱ्याबरोबर धोंड्याला पहार लावली. त्याच्या मऊ तळहातांना घटकाभरात फोड आले. म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि त्याला हलका दगड दिला, पण घरी जा म्हणून काही सांगितलं नाही.

दिवस मावळायला आला तसा व्यापारी आचार्यांशेजारी येऊन बसला. "मी कितीएक देशांत धान्य पोचवलं," तो म्हणाला. "लोकांनी माझे पाय धरले, मला हार घातले. बसा, दोन घास खाऊन जा, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. पण तीन वर्षं ही माणसं का उठली नाहीत आणि आज का उठली, ते मला सांगा."

आचार्य म्हणाले, "शेठजी, या खोऱ्याचा नियम आहे, की ज्याची चूल, त्याचं काम. तीन वर्षं चूल आपली होती. म्हणून बंधाराही आपला झाला. ही माणसं आळसानं बसली नव्हती. आपण हाक द्याल म्हणून वाट पाहत होती. माझा शिष्य त्यांना 'तुमचा बंधारा तुम्ही बांधा' म्हणत फिरला, पण चूल त्यांची नव्हती. जो जेवू घालतो त्यानं काम सांगावं, ही त्यांची रीत. आणि आपण इतके सज्जन, की काम कधी सांगितलंच नाही. आपण त्यांचा जीव वाचवला, ते उपकार हे खोरं विसरणार नाही. पण पाहुण्याला दोन घास घालण्याचा त्यांचा अधिकार आपल्या हंड्यांखाली विझून गेला होता, आणि तो अधिकार गेला की माणसाला आपल्या गावाचा दगडसुद्धा परका वाटतो. आज त्यांनी आपल्याला जेवू घातलं. त्याबरोबर नदी त्यांची झाली. मदत बाहेरून यावी, जरूर यावी. चूल मात्र घरची हवी."

व्यापाऱ्यानं आपल्या फोडांवर फुंकर घातली. मग त्यानं विचारलं, "म्हणजे हे साठ बैल मी परत नेऊ?"

"ते मला विचारू नका. यजमानीण ती आहे."

ठकूबाई पाटी पालथी घालून तिच्यावर बसली होती. ती म्हणाली, "परत कशाला न्यायचं? पीक हाती यायला अजून चार म्हैनं हायेत, आन् घरात म्हातारंकोतारं हाये. धान्य ठिवून जा. पर शिजवून नगा वाढू आमाला. घराघरात द्या. आमच्या चुली आमी पेटवू." मग ती म्हणाली, "आन् शेठ, तुमच्या मुलखात काय पडलं-झडलं तर सांगावा धाडा. धोंड्याचं काम आमाला येतं."

व्यापाऱ्याचा मुनीम यावर हसला. व्यापारी हसला नाही. तो उठला आणि त्या बाईला वाकून नमस्कार केला. मला विचाराल तर त्या दिवशी तिथे दोन थोर माणसं होती, आणि त्यांतलं एकही आश्रमात राहत नव्हतं.

पुढचे पंचवीस दिवस इर्जिक चालली. आज या गावाची चूल, उद्या त्या गावाची. व्यापारी तीन दिवस राहिला आणि तिन्ही दिवस पंगतीत बसून जेवला. जाताना तांब्याचे हंडे त्यानं बरोबर नेले, कारण इथे आता त्यांची गरज नव्हती. मार्गशीर्षात पाटाला पाणी आलं. पहिल्या गावातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ते उतरत गेलं, तसा माणसांचा एक घोळका त्याच्या कडेकडेनं चालत राहिला.

शिष्य आणि आचार्यही चालत होते. शिष्याच्या मनात एक सल होता. तो अखेर म्हणाला, "गुरुजी, आपल्याला हे ठाऊक होतं, तर तीन वर्षं आपण मला का सांगितलं नाहीत? मी या लोकांना तोंडावर आळशी म्हटलं."

"मला कुठे ठाऊक होतं?" आचार्य म्हणाले. "पहिल्या वर्षी कुणी मेलं नाही म्हणून मी आनंदात होतो. दुसऱ्या वर्षी मीही त्यांना आळशी समजत होतो. तू तोंडावर म्हणालास, मी प्रवचनात म्हणालो, एवढाच फरक. शेठजी यायच्या चार दिवस आधी ठकूबाई पंगतीतून जात होती. मी तिला सहज विचारलं, बाई, तुम्ही बंधाऱ्यावर का जात नाही? ती म्हणाली, 'बाबा, पहिल्या दिशी आमी कुदळी-पाट्या घिऊनच जेवायला आलो व्हतो. तुमचे शिष्य म्हनले, ते बाहेर ठिवा, तुमाला काय बी करायचं न्हाई, नुसतं जेवा. मग आमी ते बाहेर ठिवलं.'"

शिष्य पाटाच्या कडेला थांबला. तो दिवस त्याला आठवला. किती प्रेमानं म्हणालो होतो आपण ते.

"तू तीन वर्षं त्यांना अन्न दिलंस," आचार्य म्हणाले, "मी तीन वर्षं उपदेश दिला. विचारलं कुणीच नव्हतं. एवढं शिकायला मला सत्तर वर्षं लागली. तुला निम्म्यात कळलं, म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस."

पाणी पुढे गेलं होतं. शिष्य मात्र मागे फिरला आणि ठकूबाईच्या घरी गेला. ती अंगण सारवत होती. तो ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "मावशी, माझं चुकलं."

"कशाचं?" ती म्हणाली. तिच्या ते लक्षातही नव्हतं, किंवा तिनं तसं दाखवलं.

"आता मी काय करू, ते तुम्हीच सांगा."

ठकूबाईनं सारवता हात थांबवला. "आश्रमाचं छप्पर तीन पावसाळे गळतंय. आमाला रस्त्यावरनं दिसतं की. पर तुमी कधी हाक दिली न्हाई. आमी आपलं बाहेरनंच नमस्कार करत ऱ्हायलो. साधूच्या घरात आपनहून कसं शिरायचं?"

वैशाखात, पिकं घरात आल्यावर, त्या आश्रमात प्रथमच इर्जिकीची चूल पेटली. पिठल्यासाठी आश्रमाच्या वाफ्यातला हरभरा शिष्यानं स्वतः काढला, स्वतः दळला. त्याची पहिली भाकरी तव्यावर फुटली, दुसरी जळली. शास्त्रात पारंगत असलेला तो माणूस धुरानं डोळे पुसत चुलीपुढे बसला होता, आणि पाच गावं भिंतीला टेकून त्याची गंमत पाहत होती. आचार्य पाणी वाढत होते. शिष्यानं पहिलं पान ठकूबाईपुढे ठेवलं आणि तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

"मीठ जास्त पडलंय," ती म्हणाली. "पर तुमच्या हातचं हाये." आणि तिनं आणखी पिठलं मागून घेतलं.

जेवणं झाली, हात धुतले गेले, आणि कुणी काही सांगण्याची वाट न पाहता माणसं छपरावर चढली.